महाराज चालू, लॅपटॉप बंद

आमच्या परभणीत उन्हाळ्यात कूलर लावला की शेजारी बसलेल्या माणसाचं ऐकू येत नाही, तिथं लॅपटॉपच्या स्पीकरची काय गत! त्यात आईला जेवण झाल्यावर कीर्तन लागतं. म्हणली, "अरे आवाज वाढव की, महाराज नुसतं तोंड हलवायलेत." म्हणून चष्मा न लावताच स्पीकरचं चित्र असलेलं बटण दाबलं अन् तिथनं सगळं रामायण सुरू झालं.

वरच्या टॅबा गेल्या, ॲड्रेसची पट्टी गेली, खालचं घड्याळ गेलं, कोपऱ्यातली फुली पण गेली. नुसतं एकच पान, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, माल उचलून नेल्यावरच्या मोंढ्यासारखं. मी म्हणलो, हँग झाला.

आता माउसचा बाण फिरत होता, मागं टाळ-मृदंग चालू होता, महाराज संसारावर तावातावानं बोलत होते, आणि मी घरभर सांगत फिरायलोय की लॅपटॉप पार गोठला. हँग झालेल्या मशिनीत महाराज कसे काय बोलायलेत हे आमच्या घरात कुणीच विचारलं नाही, मी धरून.

एस्केप दाबलं. व्हिडिओ मोठा केलेला असला की एस्केपनं गुमान लहान होतो, इथं ढिम्म. बायको म्हणली, प्लग काढा. काढला, पण ह्याची बॅटरी पोटात. जुन्या कॉम्प्युटरचं बरं होतं, अडला की लोडशेडिंगची वाट बघायची, लाईट जाऊन आली की सुधारून यायचा. पॉवरचं बटण दाबलं तर हा झोपला, परत दाबलं तर जिथं झोपला तिथंच उठला, महाराजांसकट. मग कंट्रोल-अल्ट-डिलीट. तर साइन आउट करा, पासवर्ड बदला, असलं काहीबाही विचारायला लागला, घाबरून कॅन्सल केलं. शेवटी दुरुस्तीवाल्याला फोन. त्यानं न बघताच सांगितलं, "फॉरमॅट मारावं लागंल, ८०० रुपये." (ह्यांच्याकडं सर्दीवर पण फॉरमॅटच असतंय.)

एवढ्यात सहावीतली पुतणी उठून आली. "काका, एफ ११ दाबलं का तुम्ही?"

"नाही गं, स्पीकरचं दाबलं."

"तेच ते. खालचं एफएन धरून दाबलं तर स्पीकर, नुसतं दाबलं तर फुल स्क्रीन. परत दाबा."

दाबलं. टॅबा आल्या, घड्याळ आलं, फुली आली. पावणेदोन तास गेले होते. मग मी मोठ्या रुबाबात एफएन धरून तेच बटण दाबलं, तर आवाज होता तेवढापण गेला.

"काका, ते कमी करायचंय. वाढवायचं शेजारचं."

शेजारचं दाबलं, घाईत एफएन धरायचं राहिलं. स्क्रीनच्या उजव्या अंगाला बारीक इंग्रजी अक्षरांची ही लांबलचक यादी उघडली.

आई डोळे बारीक करून म्हणली, "ही कोणची पोथी रे?"