मोटरसायकल न्हाय व्हय घरात?

२ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन, १९७१ साली याच तारखेला इराणमधल्या रामसरला करार झाला, ही माहिती आमच्या सायकल ग्रुपवर आली आणि तिथंच माझा घात झाला. कारण खाली लगेच, 'सांगली ते मायणी तलाव राइड, पक्षी बघायला, कोण कोण?' रात्री अकराला जेवून आडवं पडलेला माणूस फार शूर असतो. दिला अंगठा.

सकाळी साडेपाचला निघालो. तासगावपर्यंतचे पंचवीसेक किलोमीटर मी चक्क फॉर्मात होतो, थंडी, कडेला द्राक्षबागा, जर्सीच्या मागच्या खिशात घरचं भडंग. गणपतीच्या सातमजली गोपुरासमोर फोटो काढून 'कम्फर्ट झोनच्या बाहेर' असं स्टेटस टाकलं. दृष्ट लागली ती तिथंच.

तासगाव सोडलं की रस्ता चढतोय हे डोळ्याला दिसत नाही, मांडीला कळतं. त्यात समोरनं वारा. एक उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत, गाणी लावून चाललेला, त्याच्या आडोशाला मी वारा चुकवत राहिलो, पण तोही मला सोडून पुढं गेला. ग्रुपवाले तर कधीच गेलेले. "भावा, तू ये सावकाश," म्हणून. हे वाक्य ऐकलं की समजायचं, आता आपलं आपण बघायचं.

विट्याच्या अलीकडं फुस्स झालं. वेड्या बाभळीचा काटा, चांगला इंचभर. ढकलत निघालो तर बांधावरनं एक आजोबा, "पावणं, कुठनं आलाय?" म्हटलं सांगलीहून. "ह्याच्यावर? मोटरसायकल न्हाय व्हय घरात?" आहे म्हटल्यावर तर त्यांना माझी आणखीच कीव आली.

पंक्चरवाल्यानं माझी ट्यूब उलटीपालटी केली. पंक्चर त्यानं दोन मिनिटांत काढलं, पण हवा भरायला गेला आणि थांबला. आमच्या महागड्या सायकलींचा व्हॉल पेन्सिलीच्या टोकासारखा बारीक, वरची चिमुकली चकती सैल केल्याशिवाय हवा घेत नाही आणि त्याला गाड्यांची नळी बसत नाही. बसवायला सुपारीएवढं पितळी अ‍ॅडॅप्टर लागतं, ते माझ्याकडं होतं, सांगलीत, टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये. पंप पुढं गेलेल्या मित्राकडं. शेवटी तो पाऊण तासानं मागं आला आणि मला काहीच बोलला नाही, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मायणीच्या तलावावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर. मायणीचा खटाव म्हणजे दुष्काळी तालुका, तिथं ऐंशीएक किलोमीटर सायकल हाणून आम्ही पाणथळ बघायला आलेलो, आणि सांगलीत पावसाळ्यात तीच दारात येते, फुकट. पण ब्रिटिश काळातला तलाव आहे झकास. पाण्यात कपाळाला पांढरा टिळा लावलेले काळे वारकरी पक्षी तरंगत होते. मी सायकलवरनं उतरलो आणि पॅडवाली चड्डी सावरत काठाकडं असा काही चाललो की दोन बदकांनी आपल्यातलाच म्हणून वळून बघितलं.

ज्यांच्यासाठी आलो ते रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, तिथं नव्हतेच. "येरळवाडीच्या तलावावर आहेत, जवळच आहे." सायकलवाल्यांच्या तोंडचं 'जवळच' हे अंतर मोजायचं कोष्टक अजून निघायचंय.

पण होते! लांबवर गुलाबी रेघ. दुर्बिणीतनं बघितलं तर निम्मे एका पायावर झोपलेले. जाणकार मित्रानं सांगितलं, त्यांचा मधे दिसतो तो गुडघा नव्हेच, घोटा असतो, म्हणून उलटा वाकतो, खरा गुडघा वर पिसांत झाकलेला. आणि एका पायावर उभं राहायला त्यांना स्नायूंचा जोर जवळजवळ लागतच नाही. मी मात्र दोन पाय असून बाभळीला धरून उभा. गुडघे झाकलेले असणं ही काय सोय आहे हे त्या दिवशी पटलं.

परतीचा प्रश्न मी चर्चेला येऊच दिला नाही. ग्रुप पॅडल मारत गेला आणि मला सांगलीला निघालेला एक रिकामा टेम्पो मिळाला. हौद्यात सायकल आडवी टाकली, मी दांडीला धरून उभा. मधे विट्यात चहाला थांबलो तेव्हा ड्रायव्हर मागं आला, खाली पसरलेल्या पोत्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"बसा की पावणं, एवढी जागा हाय."

"असू दे," म्हटलं, आणि दुसरा पाय वर घेतला.