सहा अक्ष म्हणजे सगळी कामं, हा हिशोब चुकतो कुठे

कारखान्यात ऑटोमेशन करायला निघालेल्या माणसाला हल्ली एक सल्ला चारी बाजूंनी मिळतो. तो साधारण असा: ‘लिनिअर-अ‍ॅक्सिस रोबोट, म्हणजे रेलवर एक्स-वाय-झेड असे सरळ रेषेत चालणारे, हे जुनं तंत्रज्ञान झालं. ते हळू चालतात, अचूकतेत काही खास नाहीत, जागा खातात, त्यांची देखभाल संपत नाही आणि जॉब, म्हणजे बनवायचा नग, बदलला की ते निकामी होतात. सिक्स-अ‍ॅक्सिस आर्म घ्या. सहा फिरत्या सांध्यांचा तो यांत्रिक हात हे सगळं करतो आणि वर आणखी बरंच करतो.’ व्हिडिओंमध्ये आणि विक्रीच्या सादरीकरणांमध्ये हाच मजकूर शब्द बदलून फिरत असतो. त्यातली काही वाक्यं अर्धी खरी आहेत आणि त्यामुळेच ती महागात पडतात. चुकीचं यंत्र एकदा बसलं की पुढची कित्येक वर्षं सगळं काम त्या यंत्राच्या सोयीने वाकवावं लागतं. म्हणून एकेक मुद्दा तपासून पाहू.

‘लिनिअर म्हणजे जुनं’

पहिला औद्योगिक रोबोट, युनिमेट, १९६१ मध्ये जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात कामाला लागला. त्याचा हात गोल फिरायचा, वर-खाली झुकायचा आणि सरळ रेषेत आत-बाहेर सरकायचाही. १९६९ मध्ये व्हिक्टर शाइनमन यांनी घडवलेल्या स्टॅनफर्ड आर्मच्या सहा सांध्यांपैकी एक सरळ सरकणाराच होता. फिरता सांधा नवा आणि सरकता सांधा जुना, अशी विभागणी इतिहासात कुठे सापडत नाही. औद्योगिक रोबोटची व्याख्या करणारं आयएसओ ८३७३ हे मानक तीन किंवा अधिक प्रोग्रॅम करता येणारे अक्ष मागतं. ते फिरावेत की सरकावेत, यावर त्याचं बंधन नाही. आजही सर्किट बोर्डावर सुटे भाग बसवणारी यंत्रं आणि इंजेक्शन मोल्डिंग मशीनच्या डोक्यावर बसून साच्यातून माल काढणारे रोबोट बहुतांशी लिनिअर अक्षांवरच चालतात. वयाचा मुद्दा इथेच संपतो.

‘सहा अक्ष आहेत, म्हणजे काहीही करता येतं’

सगळ्या दाव्याचा पाया हाच आहे. एखादी वस्तू अवकाशात कुठेही आणि कोणत्याही कोनात धरायची तर सहा स्वातंत्र्यं लागतात, हे खरं. पण तुमच्या कामाला ती सगळी लागतात का? कन्व्हेयरवरून खोका उचलून पॅलेटवर ठेवायचा असेल, तर पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली आणि उभ्या अक्षाभोवती एक वळण एवढं पुरतं. चार झाले. आर्म बनवणाऱ्या कंपन्यांनाही हे पक्कं माहीत आहे. एबीबीचा आयआरबी ६६० हा खास पॅलेटायझिंगचा आर्म चारच अक्षांचा आहे. लेथमध्ये जॉब घालणं-काढणं, ट्रेमध्ये मांडणी करणं, शीटवर गोंदाची रेघ ओढणं, अशा कितीतरी कामांना तीन-चार अक्ष भागतात. उरलेले अक्ष नुसते स्थिर धरून ठेवावे लागतात, आणि त्या प्रत्येकाची मोटर, गिअरबॉक्स, केबल आणि चूक तुमच्या पदरात पडते.

दुसरी बाजू सरळ रेषेची. लिनिअर रोबोटला सरळ जायला एक अक्ष चालवला की झालं. आर्मला तीच रेघ मारण्यासाठी अनेक सांधे एकमेकांशी जुळवून फिरवावे लागतात. कंट्रोलर ते उत्तम करतो, पण काही ठिकाणी गणितच आडवं येतं. मनगटातला चौथा आणि सहावा अक्ष एका रेषेत आले की टोकाच्या अगदी छोट्या हालचालीसाठीही सांध्यांना प्रचंड वेगाने फिरावं लागतं. याला सिंग्युलॅरिटी म्हणतात. अशा जागी आर्म मंदावतो किंवा अलार्म देऊन थांबतो, आणि प्रोग्रॅम करणाऱ्याला वाट बदलावी लागते. एक्स-वाय-झेड रचनेत ही अडचण उद्भवतच नाही.

आणि अंतर वाढलं की काय होतं ते बघा. बहुतेक मोठ्या आर्मचा पल्ला तीन-चार मीटरच्या आसपास संपतो. एका ओळीतली पाच मशीन एकाच आर्मला सांभाळायची असतील, तर तो आर्म जमिनीवरच्या रेलवर बसवतात आणि त्या रेलला सातवा अक्ष म्हणतात. हा सातवा अक्ष लिनिअरच असतो. ज्याला कालबाह्य म्हटलं, त्याच्याच पाठीवर आर्मला बसवावं लागतं.

मात्र लांब अंतरासाठी कोणतीही लिनिअर रचना चालेल असंही नाही. इथे ड्राइव्हची, म्हणजे अक्ष सरकवणाऱ्या यंत्रणेची, निवड निर्णायक ठरते. बॉल स्क्रू (गोळ्यांवर चालणारा आटेदार दांडा) अचूक आणि ताकदवान असतो, पण लांबी वाढली की तो फिरताना थरथरू लागतो. ही थरथर जिथे सुरू होते तो क्रिटिकल वेग लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. त्याच जाडीच्या स्क्रूची लांबी दुप्पट केली, तर वेगमर्यादा चौथाईवर येते. टायमिंग बेल्ट वेगवान आणि स्वस्त, पण ताणला जातो. रॅक-पिनियनचे (दात्यांची पट्टी आणि तिच्यावर फिरणारं दातेरी चाक) तुकडे जोडत हवं तेवढं लांब जाता येतं. फक्त बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली ढिलाई, मारण्याची सोय करावी लागते. लिनिअर मोटर सर्वांत चपळ, आणि किमतीतही तशीच. सात मीटरच्या धावेसाठी कोणी बॉल स्क्रू सुचवला, तर वेगाचा आकडा लेखी मागा.

‘लिनिअर हळू असतात’

या मुद्द्यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, कारण सगळे कॅटलॉगमधला कमाल वेग बघतात. समजा जॉब ४०० मिलिमीटर सरकवायचा आहे आणि अक्षाचं त्वरण ४ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. अर्धं अंतर वेग वाढवण्यात जातं, अर्धं कमी करण्यात. ही हालचाल साधारण ०.६३ सेकंदात पूर्ण होते आणि मधोमध गाठलेला सर्वोच्च वेग असतो सुमारे १.२६ मीटर प्रति सेकंद. म्हणजे कॅटलॉगमध्ये २ लिहिलेलं असो की ५, तुमच्या सायकल टाइमला, म्हणजे एका फेरीच्या वेळेला, काडीचा फरक पडत नाही. त्वरण दुप्पट केलं, तर मात्र वेळ ०.४५ सेकंदावर येतो. प्रश्न विचारायचा तो त्वरणाचा, तोही तुमच्या ग्रिपर (वस्तू पकडणारा पंजा) आणि जॉबच्या वजनासकट.

इथे लिनिअरची खरी मर्यादा मान्य केली पाहिजे. एक्स अक्ष आपल्या अंगावर वाय आणि झेड दोन्ही वाहून नेतो, त्यामुळे हलणारं वजन वाढतं आणि त्वरणावर बंधन येतं. थांबल्यावर बीम थोडा वेळ हेलकावतो. तो शांत होईपर्यंत ग्रिपर सोडता येत नाही, आणि हा वेळ कोणत्याही कॅटलॉगमध्ये नसतो. हलक्या वस्तू झपाट्याने उचलायच्या असतील तर डेल्टा (वरून लोंबणाऱ्या हातांचा) किंवा स्कारा (आडव्या पातळीत वळणाऱ्या हाताचा) रोबोट लिनिअर आणि आर्म दोघांनाही मागे टाकतात.

पण वेग नेमका कुठे लागतो, हे आधी शोधायला हवं. मोल्डिंग मशीनमध्ये साचा उघडा असतो तेवढाच वेळ रोबोट उत्पादनाला अडवतो. आत उतरणं, माल पकडणं, वर येणं, एवढ्याच हालचाली झपाझप व्हायला हव्यात. नंतर बाजूला जाऊन माल ठेवणं हे साचा बंद होऊन पुढचा शॉट चालू असताना होतं. तिथे वेगासाठी जास्त पैसे मोजणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

‘आर्मची रिपीटेबिलिटी ०.०२ मिलिमीटर आहे, मग अचूकता तेवढीच’

रिपीटेबिलिटी म्हणजे त्याच जागी पुन्हा पुन्हा येण्याची क्षमता. सांगितलेल्या निर्देशांकावर पोहोचण्याची क्षमता, म्हणजे अ‍ॅक्युरसी, वेगळी. आयएसओ ९२८३ हे मानक दोन्ही वेगवेगळ्या मोजायला सांगतं. हाताने शिकवलेल्या चार-पाच जागांवर काम करायचं असेल तर रिपीटेबिलिटी पुरते. कॅमेरा निर्देशांक देणार असेल, किंवा ट्रेमधले दोनशे खण हिशोबाने काढले जाणार असतील, तर अ‍ॅक्युरसी हवी. या दुसऱ्या कसोटीवर आर्म बऱ्याचदा कमी पडतो, कारण सांध्यातली कोनाची चूक पल्ल्याने गुणली जाते. ०.०१ अंशाची चूक दीड मीटरवर ०.२६ मिलिमीटर होते, आणि अशा चुका एकामागून एक सांध्यांवर साचतात.

आता लिनिअरवाल्यांनीही कान द्यावा. कॅटलॉगमधला ±०.०२ हा आकडा बहुधा एका अक्षाच्या कॅरेजपुरता, म्हणजे रेलवर सरकणाऱ्या भागापुरता, असतो, ग्रिपरच्या टोकाचा नसतो. तीन अक्ष एकावर एक रचले की रेलचा सूक्ष्म तिरकेपणा खाली लोंबणाऱ्या झेडच्या लांबीने गुणला जातो. तोच ०.०१ अंश ६०० मिलिमीटर खाली ०.१ मिलिमीटर होतो. बीमचा बाक आणखी वेगळा: त्याच लांबीचा, त्याच सेक्शनचा (आडव्या छेदाचा) बीम एका टोकाला धरून दुसऱ्या टोकावर भार दिला, तर दोन्ही टोकांना टेकवून मध्ये तेवढाच भार दिल्याच्या तुलनेत तो सोळापट वाकतो. म्हणून लांब वायसाठी कँटिलिव्हर (एकाच टोकाला धरलेला बीम) न घेता गँट्री (दोन्ही बाजूंना टेकलेला पूल) घ्यावी. गँट्रीच्या दोन बाजूंच्या रेल समांतर नसल्या, किंवा दोन्हीकडचे ड्राइव्ह एकमेकांशी बांधलेले नसले, तर पूल तिरका होऊन अडकतो. तापमान तर सगळे विसरतात. तीन मीटर अ‍ॅल्युमिनियमचा बीम दहा अंश तापला की सुमारे ०.७ मिलिमीटर वाढतो. ज्या पृष्ठभागावर रेल बसवायची तो सपाट नसेल, तर महागडी एलएम गाइड (बॉलवर सरकणारी अचूक रेल) घेऊनही काही साधत नाही. माझ्या मते लिनिअर रोबोटची निम्मी अचूकता विकत मिळते आणि निम्मी बसवताना कमवावी लागते.

‘जागा खातात’

गँट्री डोक्यावरून जाते आणि मशीनसमोरची जमीन मोकळी राहते. ऑपरेटरला टूल बदलायला जागा मिळते. आर्मची झेप गोलाकार, तिच्याभोवतीचं कुंपण त्याहून मोठं, आणि चौकोनी टेबलाचे कोपरे त्या गोलात नीट बसत नाहीत. लिनिअरची कार्यकक्षा मुळातच चौकोनी असते. उंचीबाबत मात्र तक्रार खरी आहे. झेड वर गेला की तो बीमच्याही वर डोकावतो. छत बुटकं असेल तर टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणारा, झेड घ्यावा लागतो, आणि तो जड असतो.

‘देखभाल संपत नाही’

एलएम गाइडचं आयुष्य आधी मोजता येतं, हा तिचा मोठा गुण आहे. बॉलच्या गाइडचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतं. भार दुप्पट झाला तर आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतं. एक मीटरचा स्ट्रोक (एका बाजूला सरकण्याचं अंतर), सहा सेकंदांची जाऊन-येऊन सायकल आणि दिवसाला वीस तास काम धरलं, तर कॅरेज रोज २४ किलोमीटर धावते आणि ३०० दिवसांत ७,२०० किलोमीटर. तुमच्या भाराला आयुष्य ३०,००० किलोमीटर निघत असेल, तर चार वर्षांनी ब्लॉक (रेलवर सरकणारे भाग) बदलायचे आहेत हे आजच वहीत लिहून ठेवता येतं. बेल्ट, ब्लॉक, केबल चेन हे भाग बहुतेक ठिकाणी कारखान्याचाच फिटर बदलू शकतो. आर्मचा गिअरबॉक्स गेला तर सहसा कंपनीच्या माणसाची वाट बघावी लागते, आणि नंतर कॅलिब्रेशन आहेच.

ग्रीसबाबत एक बारकावा सांगायलाच हवा. स्ट्रोक ब्लॉकच्या लांबीपेक्षाही कमी असेल, तर ग्रीस सगळ्या बॉलपर्यंत पसरत नाही आणि रेल एकाच जागी खराब होते. अशा ठिकाणी अधूनमधून एक लांब फेरी प्रोग्रॅममध्येच घालून ठेवावी.

पण वेल्डिंगच्या ठिणग्या, ग्राइंडिंगची धूळ किंवा कास्टिंगची वाळू असलेल्या जागी उघड्या रेल टिकत नाहीत. बेलोज (घडीची आवरणं) आणि झाकणपट्ट्यांनी काही प्रमाणात निभावतं. तिथे चांगलं सील असलेला आर्म घेणंच शहाणपणाचं.

‘जॉब बदलला की निकामी’

या आरोपात तथ्य आहे, आणि ते पूर्ण मान्य केलं पाहिजे. आर्म हे तयार उत्पादन असतं. उचलून दुसऱ्या लाइनवर नेता येतं, विकताही येतं. लिनिअर रचना बहुधा त्या जागेच्या मापानेच बनते. पुढच्या जॉबला कोणता कोन लागेल याचा अंदाजच नसेल, किंवा कामच असं असेल की टूल वळवत-वळवत आत घालावं लागतं, उदाहरणार्थ गाडीच्या बॉडीच्या आतलं स्पॉट वेल्डिंग, तर वाद न घालता आर्म घ्या. पण जॉब म्हणजे त्याच जातीचा थोडा मोठा-लहान नग असेल, तर प्रत्यक्षात बदलतात ते ग्रिपर, फिक्स्चर (नग धरून ठेवणारं साधन) आणि प्रोग्रॅम. ते आर्मलाही बदलावेच लागतात. एक्समध्ये वीस-तीस टक्के जादा स्ट्रोक सुरुवातीलाच घेऊन ठेवला, तर ही गरज बऱ्यापैकी भागते.

‘सरळच तर चालतो, त्याला काय धोका’

हे वाक्य वरच्या सल्ल्यातलं नाही. लिनिअरची बाजू घेणारे ते बोलतात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याच वाक्याची वाटते. सुरक्षेचं आयएसओ १०२१८ हे मानक औद्योगिक रोबोटसाठी आहे. आर्मला लागू आणि लिनिअरला सूट, असं त्यात नाही. शिवाय उभ्या झेडचा धोका खास आहे. वीज गेली की बेल्टवरचा झेड स्वतःच्या वजनाने खाली येतो. बॉल स्क्रूसुद्धा भाराखाली उलटा फिरतो, त्यामुळे तोही आपोआप धरून ठेवत नाही. म्हणून मोटरला ब्रेक लावतात. पण तो ब्रेक मोटरच्या शाफ्टवर असतो. बेल्ट तुटला, तर मोटर जागच्या जागी घट्ट धरलेली राहते आणि भार खाली येतो. माणूस देखभालीसाठी झेडखाली हात घालणार असेल, तर भार थेट धरणारी मेकॅनिकल लॉक पिन किंवा रेलवरच पकड घेणारा ब्रेक हवा, आणि तो ऑर्डर देतानाच ड्रॉइंगमध्ये दिसला पाहिजे.