जू बदलाचं का बैल?

काल दारव्ह्याला कॉम्प्युटरचा मदरबोर्ड घ्यायला गेलो. कोणता घ्यायचा ते सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आलेल्या एका काकांनी ठरवलं.

मला मूळसंख्या शोधायला मशीन जोडायची होती. चोवीस तास पूर्ण लोडवर चालणार, त्यात आमचा मे महिना. म्हणून म्हटलं, व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर, उष्णता ओढून घेणारा जाड हीटसिंक असलेला दाखवा. दुकानदारानं रंगीत दिव्यांचा पुढं सरकवला. ‘‘हाच खपते भाऊ.’’

मी अडलो सॉकेटवर. एएमडी कंपनीचा जुना एएम४ सॉकेट घेतला तर घरच्या डीडीआर४ रॅमच्या पट्ट्या कामी येतात. नव्या एएम५ ला डीडीआर५च लागते. महाग, पण आकडा मोठा झाला की प्रोसेसर रॅमची वाट पाहत बसतो, तिथं तीच उपयोगाची.

‘‘सॉकेट म्हंजे काय बापू?’’

‘‘प्रोसेसर बसतो ती जागा, काका.’’

‘‘जू म्हन ना!’’ काकांनी स्टूल ओढलं. ‘‘या जुवात किती जोड्या चालल्या?’’

सांगितलं, एएम४ वर २०१७ पासूनच्या प्रोसेसरच्या बऱ्याच पिढ्या बसतात. दुसऱ्या कंपनीच्या, इंटेलच्या, एलजीए १७०० सॉकेटवर तीन, मग २०२४ मध्ये नवा एलजीए १८५१.

‘‘तीन जोड्या झाल्या का जू फेका? असा सुतार आमी गावात ठेवला नसता.’’ दुकानदार मान डोलवत होता. गिऱ्हाईक मी होतो.

‘‘अन् एवढं मोजून भेटते काय?’’

२०२४ मध्ये ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकांची मूळसंख्या सापडली, हे मी छाती फुगवून सांगितलं.

‘‘भाव काय लागला तिले?’’

‘‘तीन हजार डॉलर बक्षीस.’’

‘‘अन् लाइनचं बिल?’’

ती संख्या ग्राफिक कार्डांवर सापडली होती, मदरबोर्डाच्या सॉकेटशी तिचं फारसं देणंघेणं नव्हतं, हे मी गिळलं. बिलाचं मात्र लागलं. आमच्याकडे लाइन येते कधी, जाते कधी, याचा हिशोब करणारी मशीन आधी कोणीतरी जोडायला हवी. शेताच्या पंपाला रात्री लाइन देतात, माणसानं अंधारात साप तुडवत ओलीत करायचं, आणि मी इथं चोवीस तासांच्या गोष्टी करतोय! हे काका बोलले नाहीत. नुसते पाहत राहिले, ते जास्त झोंबलं.

‘‘जुनंच जू दे पोट्ट्याले,’’ त्यांनी दुकानदाराला सांगितलं. मी तोंड उघडेपर्यंत बिल फाडून झालं. बोर्ड एएम४ चा, दिव्यांचा.

काकांकडे सुट्टे नव्हते. झेरॉक्सचे दोन रुपये माझ्याच बिलात धरले.