येरवड्याच्या रिफॉर्मेटरीचा सुवर्णकाळ? काका, जरा थांबा

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांनी टाकलेला तो लांबलचक मजकूर मी नेहमीप्रमाणे न वाचताच पुढे सरकवला असता. पण वहिनी महापालिकेच्या शाळेत शिकवतात. त्यांच्या वर्गात पारध्यांची, म्हणजे इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातीची, मुलं आहेत. हाच मजकूर त्यांच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवला आणि दोघा-तिघांनी माना डोलावल्या. वहिनी घरी येऊन हे सांगत होत्या तेव्हा त्यांचा आवाज चढलेला होता. म्हणून हे उत्तर.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: इंग्रजांनी येरवड्याला रिफॉर्मेटरी, म्हणजे सुधारशाळा, काढली, ती गरिबांच्या मुलांसाठी मोफत उद्योगशाळा होती आणि आईबाप तिथे रांगा लावत. आपले सुधारक भाषणं देत राहिले, पोरांच्या हाताला काम दिलं ते साहेबानं. काही जमातींची पोरं आईबापांपासून तोडल्याशिवाय सुधारत नाहीत, हे इंग्रजांना कळलं होतं. तेव्हा ‘समज देऊन सोडणं’ वगैरे लाड नव्हते. आणि शेवटी, तिथली शंभर टक्के मुलं सुधारली.

आधी रांगेचं बघू. येरवड्याची शाळा ज्या कायद्याखाली चालायची तो १८९७ चा रिफॉर्मेटरी स्कूल्स ॲक्ट आजही वाचायला मिळतो, फार मोठा नाही, अर्ध्या तासात होतो. त्यात ‘बालगुन्हेगार’ म्हणजे कोण, तर कैदेची किंवा काळ्या पाण्याची शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यात दोषी ठरलेला पंधरा वर्षांखालचा मुलगा. प्रवेश मॅजिस्ट्रेट देणार, आईबाप नव्हे. मुलींसाठी तर या शाळा नव्हत्याच. आणि मुदत? कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात. म्हणजे चोरीसाठी कोर्टाने महिनाभराची कैद सुनावलेल्या पोराला कैदेऐवजी इथे पाठवलं, तर तो आत जायचा तीन वर्षं. याच कायद्यात पळून गेलेल्या मुलाला पोलिसांनी पकडून परत आणण्याची तरतूद आहे आणि पळायला मदत करणाऱ्याला शिक्षाही आहे. लोक रांगा लावून पोरं सोडत होते, तर ही कलमं कुणासाठी लिहिली?

अर्धं खरं आहे ते मान्य करतो, नाइलाजाने. रिफॉर्मेटरी नसती तर त्या पोराला पक्क्या कैद्यांबरोबर तुरुंगात टाकलं असतं, नाहीतर वेताचे फटके मारून सोडलं असतं. फटक्यांचा वेगळा कायदाच होता. त्या मानाने रात्री निजायची वेगळी सोय, कपडे, अंथरूण, आजारी पडल्यास दवाखाना आणि एखादा धंदा शिकवणं, हे कायद्याने बंधनकारक होतं. ब्रिस्टलमध्ये अशा शाळांसाठी झटलेल्या मेरी कार्पेंटर १८६६ मध्ये हिंदुस्थानात आल्या आणि इथेही मुलांना तुरुंगाऐवजी अशा शाळेत ठेवा म्हणून मागे लागल्या, तेही प्रामाणिकपणे. तेव्हा तुरुंगापेक्षा बरी, एवढं लिहा. आमची हरकत नाही.

सगळं साहेबानं केलं म्हणावं तर तेही नाही. मुंबईची जुनी डेव्हिड ससून इंडस्ट्रियल स्कूल १८५७ पासून ससूनांच्या पैशावर उभी होती. ससून बगदादहून आलेले ज्यू व्यापारी. पुणेकरांनी तरी हे विसरू नये, त्यांचं थडगं आपल्या लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, आवारात आहे.

सुधारकांबद्दल फार लिहीत नाही, कारण या मुद्द्यात दम नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये सरकारच्या शिक्षणविषयक हंटर कमिशनला दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत शेतीचं ज्ञान द्या, असं लिहून मागितलं होतं. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या आश्रमात दुष्काळातून आणलेल्या मुली विणकामापासून छपाईपर्यंत शिकल्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं, तिथल्या बायका ससून हॉस्पिटलमध्ये नर्सिंग शिकून पोटाला लागल्या. यातल्या कुणालाही मॅजिस्ट्रेटने पाठवलेलं नव्हतं. भाषणं म्हणे!

आता तो तिसरा मुद्दा. स्टाफरूममध्ये माना डोलल्या त्या यावर.

‘काही जमातींची पोरं’ म्हणजे कुणाची, हे मजकुरात लिहिलेलं नाही. लिहायची गरजच नाही, वाचणाऱ्याला कळतं. इंग्रजांना हे ‘कळलं होतं’ याचा पुरावा असलाच तर तो १९११ च्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टमध्ये, म्हणजे अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणाऱ्या कायद्यात, आहे. १८७१ चा मूळ कायदा आधी उत्तरेकडे लागू झाला, १९११ च्या कायद्याने तो आपल्या मुंबई इलाख्यातही आला. त्याचं सतरावं कलम सांगतं की सरकार अशा जमातींच्या मुलांसाठी औद्योगिक, शेतकी किंवा सुधार शाळा काढू शकतं आणि मुलांना आईबापांपासून वेगळं काढून तिथे ठेवू शकतं. मुलं म्हणजे सहा वर्षांच्या वरची आणि अठराच्या आतली. वय किती याचा निर्णय जिल्हा मॅजिस्ट्रेटचा, आणि तो अंतिम.

येरवड्याच्या पोराने निदान काहीतरी केलेलं असायचं, कोर्टात ते सिद्ध झालेलं असायचं. इथे सहा वर्षांच्या मुलीने काहीच केलेलं नाही. तिचा गुन्हा म्हणजे ती कुणाच्या पोटी आली एवढाच. जमात सरकारच्या यादीत, जमातीला वसाहतीत राहायचा हुकूम, आणि पोर आईच्या कुशीतून काढायला खटला नको, साक्षीदार नको, वकील नको. यालाही ‘शाळा’च म्हणायचं आणि ही शाळाही उद्योगच शिकवणार. समाजसुधारणेच्या नावाखाली याहून ओंगळ काही मला तरी माहीत नाही. सोलापूरच्या म्हाताऱ्या माणसांना सेटलमेंट, म्हणजे ही वसाहत, काय होती ते विचारा. तारेचं कुंपण, हजेरी, बाहेर जायचं तर परवाना.

बरं, याने गुन्हा संपला का? आईबापांना एका जागी डांबायचं, त्यांची भटकी पोटापाण्याची कामं बंद पाडायची, पोरं काढून घ्यायची आणि मग हे लोक धड वागत नाहीत म्हणून पुन्हा त्याच कायद्याकडे बोट दाखवायचं. हा कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी. भटके-विमुक्त तो दिवस अजून पाळतात. आणि त्याच कलमाची भलावण आज पुण्यातल्या एका स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचली जाते, आणि तास सुरू झाला की त्याच मुलांची हजेरी घ्यायला हीच माणसं वर्गात जातात. वहिनींनी तिथे काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

उरला लाडांचा मुद्दा. तो कुठून आला ते उघड आहे. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातात दोघांचा जीव गेला आणि गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला जामिनासोबत निबंध लिहायला सांगितला गेला, तेव्हा मलाही संताप आला होता. पण म्हणून इतिहास बदलत नाही. त्याच १८९७ च्या कायद्याचं कलम ३१ काढून वाचा: कोर्टाला वाटल्यास मुलाला शाळेत न पाठवता समज देऊन सोडता येईल, किंवा चांगल्या वागणुकीचा जामीनकतबा घेऊन बारा महिन्यांपर्यंत आईबापांच्या हवाली करता येईल. इथे मात्र मुलींनाही धरलं होतं. आजच्या २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या अठराव्या कलमात समज देऊन घरी पाठवण्याची सोय आहे ती याच धर्तीची. उलट सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी मोठ्यांसारखा खटला चालवण्याची वाट याच २०१५ च्या कायद्याने उघडली आहे. लाड म्हणायचे तर कुणाचे म्हणायचे?

‘शंभर टक्के सुधारले’ हा आकडा कुठला, ते मजकुरात कुठेच नाही. काकांना विचारलं, त्यांनी ज्यांच्याकडून आला त्यांचा नंबर दिला. त्यांना फोन केला तर त्यांनाही तो पुढूनच आला होता, त्यांनी तो पूर्ण वाचलाही नव्हता.