सुभेदारसाहेब, ती मुलं सभेला का येत नाहीत

आदरणीय सुभेदारसाहेब, नमस्कार.

तरुण माजी सैनिकांच्या घरी जाऊन विचारपूस करावी, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, १९७१ची लढाई करून आलो तेव्हा आमच्या दारात कोणी आलं नव्हतं. यांना पेन्शन, कॅन्टीन, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) सगळं आहे, गरज असेल तो स्वतः येईल. तुमच्याकडे कोणी फिरकलं नाही हे वाईटच झालं. पण म्हणून यांच्याकडेही जाऊ नये, हे मला पटत नाही.

पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून शिपाई पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. मुलं शाळेत, घराचे हप्ते चालू. पेन्शन पुरत नाही, म्हणून कारखान्याच्या गेटवर बारा तासांची ड्युटी धरतो. आपण माजी सैनिकांची सभा ठेवतो पणजीत, कामाच्या दिवशी, सकाळी अकराला. वाळपईच्या पलीकडच्या गावातून तो त्या दिवसाचा पगार बुडवून येणार? आणि आलाच, तर समोर खुर्चीत तुम्ही आणि कर्नलसाहेब. झोप लागत नाही, दारू वाढलीय, घरात कुणाशी बोलावंसं वाटत नाही, हे तो तुमच्यासमोर सांगेल? तुम्ही पलटणीत माणसं सांभाळलीत, तुम्हाला हे माझ्याहून जास्त कळतं.

साताऱ्याकडच्या अपशिंगे मिलिटरी या गावात घरोघरी फौजी, तिथे पारावर बसलं तरी बोलायला जोडीदार मिळतो. आपल्या गोव्यातल्या सत्तरी-पेडण्यात अनेक गावांत असा एखादाच. तो एकटा पडलाय हे शेजाऱ्यालाही कळत नाही.

अग्निवीरांचं, म्हणजे चार वर्षांसाठीच सैन्यात घेतलेल्या मुलांचं, तर आणखी अवघड. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६च्या अखेरीपासून भरू लागतात. योजनेच्या नियमाप्रमाणे पंचवीस टक्क्यांपर्यंत आत राहतील, बाकीची मुलं विशी-पंचविशीत बाहेर. हातात सेवानिधीचे, म्हणजे चार वर्षं संपल्यावर एकरकमी मिळणारे, सुमारे ११.७१ लाख; पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. हा मुलगा कोणत्या हक्काने आपल्या सभेत येईल?

म्हणून आधी आपण जायचं. संध्याकाळी, त्याची ड्युटी सुटल्यावर. कागदपत्रांपासून सुरुवात केली की बोलणं सोपं जातं: डिस्चार्ज बुक, स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवरचा हयातीचा दाखला, मुलांची शिष्यवृत्ती. मनाचं दुखणं दिसलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर त्याच्या बायकोकडेही द्यायचा. तो चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत.

पुढच्या आठवड्यात आम्ही वाळपईकडे जातोय. तुम्ही बरोबर या. तुमच्यासारखा माणूस त्याच्या ओसरीवर येऊन बसला, तर तो माझ्यापेक्षा तुमच्याशी लवकर बोलेल.