पत्रा वाजवून नव्हे, झाकण उघडून

महोदय,

घरगुती वेल्डिंग मशीनच्या बांधणीवरील माझ्या लेखाबद्दलची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘पत्रा वाजवून मशीन पारखणाऱ्यांनी लोकांना सल्ले देऊ नयेत, इन्व्हर्टरमध्ये वजनाला अर्थ नसतो, आणि ड्यूटी सायकल व वॉरंटीचा विचार न करता केलेली तुलना फोल आहे,’ असे आपण म्हणता. वजनाचे मान्य. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनमध्ये वजनावरून आतल्या तांब्या-लोखंडाचा अंदाज येत असे. इन्व्हर्टर म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणारे मशीन; त्यात ट्रान्सफॉर्मर मुळातच लहान असतो. लेखातले वजनाबद्दलचे वाक्य मी दुरुस्त केले आहे.

मात्र आपले पहिले वाक्य मला लागले. माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका फॅब्रिकेशनच्या गाळ्यात कामाला होते. दहावीच्या सुट्टीत मी पहिला रॉड चालवला तो त्यांच्याच शेजारी बसून, आणि पुढे रबाळे एमआयडीसीत २१ वर्षे ग्रिल, गेट आणि जिने जोडण्यावर माझे घर चालले. या सगळ्या काळात पत्रा वाजवून मी एकही मशीन घेतलेले नाही, आणि लेखातही तसे कुठे लिहिलेले नाही. न वाचताच शेरा मारायचा असेल, तर गोष्ट वेगळी.

मी काय पाहतो ते पुन्हा सांगतो. रॉड धरणाऱ्या होल्डरच्या केबलचा प्लग सॉकेटमध्ये घालून पिळला की सॉकेट पॅनलमध्ये जागेवर फिरता कामा नये. अर्थिंगच्या क्लॅम्पचे दोन्ही जबडे तांब्याच्या पट्टीने जोडलेले हवेत. नाहीतर करंट पिन आणि स्प्रिंगमधून वाट काढतो, स्प्रिंग तापून नरम पडते आणि पकड जाते. शेवटी झाकणाचे स्क्रू काढून आतल्या बोर्डावर संरक्षक लेप आहे की नाही ते पाहतो.

हा शेवटचा धडा मला महागात पडला. गच्चीवरच्या शेडच्या कामासाठी मी केवळ नाव पाहून एक मशीन घेतले होते. कळव्याला खाडीकडची दमट हवा, त्यात शेजारीच ग्राइंडर चालू. ऑगस्टमध्ये ते बंद पडले. उघडले तर फॅनने आत ओढलेली लोखंडाची काळी भुकटी ओलसर होऊन उघड्या बोर्डाला चिकटली होती आणि त्यावरच्या भागांच्या पायांशी हिरवा गंज चढला होता. बाहेरच्या पत्र्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

ड्यूटी सायकलचे, म्हणजे मशीन न थांबता किती वेळ चालू शकते याचे, थोडक्यात सांगतो. ६० टक्के म्हणजे त्यासाठी दिलेल्या करंटवर १० मिनिटांत ६ मिनिटे अखंड वेल्डिंग, तेही ४० अंश तापमानात. घरी अडीच मिलिमीटरच्या रॉडने, ८०-९० अँपिअरवर, टाके मारत काम करणारा माणूस त्या मर्यादेजवळही जात नाही. वॉरंटी हा त्या लेखाचा विषय नव्हता.

आपण कोणते मशीन वापरता, ते कळवावे, आणि झाकण काढून बोर्डाचा एक फोटो पाठवावा. सल्ला कोणी द्यावा, हे मग बोलू.