जिन-जू परत आली ती लेकरासाठी

आज दुपारी डबा खाताना ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "तू सांगितलेली ती कोरियन मालिका पाहिली गं. शेवटी बाईला संसारातच आणून बसवलं की! आपल्या सिरीयलींपेक्षा वेगळं काय आहे त्यात?" तेव्हा गप्प बसले. घरी आल्यापासून मात्र डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

मालिका 'गो बॅक कपल'. २०१७ साली केबीएस या कोरियन वाहिनीवर आली, १२ भागांत संपली. ३८ वर्षांचे नवरा-बायको, जिन-जू आणि बान-दो, भांडून भांडून घटस्फोट घेतात आणि जाग येते ती थेट १९९९ मध्ये. कॉलेजात शिकणारी विशीतली पोरं! आणि दोघांनाही पुढचं सगळं आठवतंय.

आता मला सांगा, असं मागे जायला मिळालं तर आपली माणसं काय करतील? बाणेरला प्लॉट घेऊन ठेवतील. जिन-जू काय करते? मधल्या काळात वारलेली तिची आई समोर धडधाकट उभी दिसते, आणि ती आईच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडते. त्या आईला कळतच नाही पोरीला झालंय काय. जांग ना-रा आणि किम मी-क्युंग, दोघींनी काय काम केलंय! नंतर ती आईची पाठ सोडत नाही. कुणीही सोडणार नाही.

पण १९९९ मध्ये आई आहे, तर तिचा चिमुकला सो-जिन नाही. तो अजून जन्मायचाय. आई हवी की लेकरू, एवढाच प्रश्न आहे हो. यात 'संसारात आणून बसवणं' आलं कुठून? आणि तिला परत पाठवतं कोण? तिची आईच. पोरीच्या मनातलं ओळखून सांगते, आईबापांवाचून जगता येतं, लेकरावाचून नाही. जा तुझ्या मुलाकडे.

तिथे मी मालिका थांबवली. कारण हे मी ऐकलेलं आहे. माझी आई मिरजेला दवाखान्यात होती आणि इकडे पुण्यात माझा मुलगा डेंग्यूने अ‍ॅडमिट, प्लेटलेट्स रोज खाली. आईने फोनवर बजावलं, "त्याला टाकून आलीस तर तुझं तोंड बघणार नाही." मी गेले नाही. मुलगा वाचला. आई गेली.

आमच्या नात्यातली एक बाई अजून, बारसं असो की बारावं, चारचौघांत म्हणते, "शेवटच्या घडीला लेक काही आली नाही." त्या फोनबद्दल तिने कधी विचारलं नाही. विचारायचंच नसतं यांना.

बान-दोला जरा स्वस्तात सोडलंय, हे मान्य. औषध कंपनीच्या नोकरीत डॉक्टरांपुढे लाचारी करावी लागते म्हणून घरात एकट्याने पोर सांभाळणाऱ्या बायकोचे हाल माफ होत नाहीत. झालं, केलं मान्य.

पण मला कुणी मागे जायला दिलं ना, तर मी त्या आठवड्यात जाणारच नाही. गेले तरी पुण्यातच थांबेन, आईचा शब्द मोडणार नाही. मी जाईन एखाद्या एप्रिलातल्या सकाळी, आमच्या गच्चीवर. कुरडयांचा गरम चीक वाटीत घेऊन बसेन. आई ओरडेल, "सगळा तूच संपव, साच्यात काय घालू मी?" ओरडू दे. दुपारपर्यंत ओरडू दे. मला काहीही बदलायचं नाहीये, फक्त तिथे बसायचंय.

आणि म्हणूनच मैत्रिणीचं बोलणं एवढं लागलं. लेकराकडे गेली तर बाई बुरसटलेली. आईकडे राहिली असती, तर पोर टाकणारी. ती शिकलेली मैत्रीण आणि आमची ती नातेवाईक एकमेकींचं तोंड बघणार नाहीत, पण बाईला मापायची पट्टी दोघींची एकच! त्या बाईला स्वतःला काय हवं होतं, तिच्या आईने तिला काय सांगितलं, हे दोघींनाही ऐकायचं नाही.

उद्या डब्याच्या वेळी मैत्रिणीला शेवटचे दोन भाग पुन्हा बघायला सांगणार आहे. आणि पुढच्या महिन्यात घरात लग्न आहे. तिथे ती बाई पुन्हा तेच बोलली, तर आईचं फोनवरचं बोलणं मी भर मांडवात सगळ्यांना ऐकवणार आहे.